स्टेपनीच्या नोंदी: आमची वॅगनआर, जून ते सप्टेंबर २०२५

१४ जून, शनिवार, रात्री उशिरा

साताऱ्याहून परतताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि शिरवळच्या अलीकडे डावं पुढचं चाक पाण्याखालच्या खड्ड्यात आदळलं. दोन मिनिटांत स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. गाडी कडेला घेऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, बोटभर लांब चीर. पंक्चर नव्हे, टायर फाटलाच होता.

डिकी उघडली. सीएनजीच्या टाकीखाली स्टेपनी आहे असं मी वर्षभर धरून चालले होते. गालिचा उचलला, टाकीच्या स्टँडच्या सळ्यांमधून हात घातला. चाकाचा खळगा रिकामा. आत जॅक, एक पाना आणि आधीच्या मालकाची छत्री. गाडीत सासूबाई, नववीतली लेक आणि मी. नवरा पुण्यात. क्रेन यायला अडीच तास लागले. एवढा वेळ सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त लेकीचा हात धरून बसल्या होत्या. गाडी जुनी घेताना मी इंजिन, क्लच, विमा, सिलिंडरची पाटी, सगळं पाहिलं होतं. खळग्यात हात घालून पाहिला नव्हता.

गणपतीला गुहागरकडे गावी जायचं आहे. चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याआधी हे काम पुरं करायचं, आणि केलेलं सगळं इथे लिहून ठेवायचं.

१६ जून

पंक्चरवाल्याने टायर बघताच मान हलवली. "ताई, गालाला चीर गेली की त्यात जीव नाही. वरच्या पट्ट्यात खिळा असता तर दोरी मारून दिली असती." फेस भरायचा तयार डबा घेऊन ठेवू का, म्हणून विचारलं. तोच नियम तिथेही. रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक तो बुजवतो, बाजूची चीर नाही. म्हणजे परवाच्या रात्री तो डबा असून नसल्यासारखाच.

नवऱ्याचं म्हणणं, हल्ली कितीतरी गाड्या स्टेपनीशिवायच येतात. ते खरं आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असे तिन्ही असतील, तर साडेतीन टनांपर्यंतच्या आणि ९ पर्यंत आसनांच्या गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. आमच्याकडे तिन्हींपैकी फक्त ट्यूबलेस टायर. आणि तिन्ही असते तरी गावच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात, भर पावसात, गाल फाटला तर त्या यंत्रणेने काय सांगायचं? हवा गेली, एवढंच.

स्टेपनी घ्यायची, हे ठरलं.

२१ जून, शनिवार

आज नुसतं मोजमाप. गाडीवर १६५/७० आर १४ टायर (रुंदी १६५ मिलिमीटर, उंची तिच्या ७० टक्के, रिम १४ इंची), आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेल्या अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर. याच पिढीच्या वॅगनआरला काही प्रकारांत १५५/८० आर १३ येतात आणि लोखंडी रिमसकट ते स्वस्तात मिळतात, म्हणून दोन्हींची उंची काढली.

१४ इंची: रिम ३५५.६, टायरची उंची १६५ च्या ७० टक्के म्हणजे ११५.५, वर-खाली मिळून २३१. एकूण ५८६.६ मिलिमीटर.
१३ इंची: ३३०.२ अधिक २४८. एकूण ५७८.२ मिलिमीटर.

फरक ८.४ मिलिमीटर, दीड टक्क्याहून कमी. जवळच्या पंपापर्यंत जायला चालेल. पण भार पेलायच्या आकड्यातही फरक आहे. १३ च्या टायरवर सहसा ७९ असतो, म्हणजे एका चाकावर ४३७ किलो. १४ वर ८१, म्हणजे ४६२ किलो. मागे टाकी, सामान आणि माणसं असताना कमी आकड्याचा टायर मागच्या चाकाला लावायला माझा हात धजणार नाही. शिवाय १३ ची रिम आमच्या पुढच्या ब्रेकवरून मोकळी फिरेल की नाही, ते बसवून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

खरं कारण मात्र वेगळं. गावाकडे टायर फाटला तर आपल्या मापाचा नवा टायर मिळायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस स्टेपनीवरच आरतीला, बाजाराला, दवाखान्याला जायचं. बारीक टायरची तात्पुरती स्टेपनी याच कारणाने नको. ती ताशी ८० च्या वर पळवायची नसते, त्यातल्या बऱ्याच जातींना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते, आणि गावच्या पंक्चरवाल्याचा काटा तिथवर जाईल याची खात्री नाही. पूर्ण मापाचंच चाक घ्यायचं.

स्टेपनी हा शब्द कुठून आला, हेही लेकीने शोधून काढलं. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आरे नसलेली, टायर चढवलेली रिम तयार केली. चाक पंक्चर झालं की ते न काढता ही रिम बाजूने चापांनी आवळायची. तेव्हा चाक काढणं हेच मोठं काम होतं. कंपनीने रस्त्याचं नाव घेतलं आणि आपण कंपनीचं. गावी माझे सासरे बैलगाडीच्या जादा चाकालाही स्टेपनीच म्हणत.

२८ जून, शनिवार

नाना पेठ, पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. सकाळी अकराला गेले, अडीचला परतले.

नवी लोखंडी रिम घ्यावी की जुनी? दुकानदार काकांनी दोन्ही काढून दाखवल्या. नवी १,९००, जुनी ९००. जुन्या तीन पाहिल्या. पहिलीच्या कडेला घण मारून सरळ केल्याच्या खुणा. दुसरी काकांनी फरशीवर आडवी ठेवली आणि कडेखालून कागद सरकवला. एका जागी सहज गेला, म्हणजे वाकलेली. तिसरी सरळ होती, पण व्हॉल्व्हच्या भोकाभोवती गंज खोलवर गेलेला. तिथून ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते आणि वर्षभर न उघडलेल्या स्टेपनीत ते कळतही नाही. नवीच घेतली.

इथे एक धडा मिळाला. शेजारच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "चार भोकं आणि शंभरचं माप, मग कुठलीही बसते ताई." चार नटांचं वर्तुळ १०० मिलिमीटर, इतपत बरोबर. हे माप मारुतीच्या, ह्युंदाईच्या आणि होंडाच्या कितीतरी गाड्यांना आहे. पण मधल्या भोकाचं काय? आमचं ५४.१ मिलिमीटर, होंडाचं ५६.१. होंडाची रिम चढेल, पण हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या उंचवट्यावर, नेमकी टेकणार नाही, सगळा भार नटांवर. नटांचंही तसंच. मारुतीचे आटे १२ गुणिले १.२५ (जाडी १२ मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर १.२५), होंडाचे १२ गुणिले १.५. दोन्ही नट बघायला सारखे, दोन्हींना १९ चाच पाना. पहिला दीड आटा हाताने जातोही, मग अडतो. तिथे पान्यावर पाय ठेवून जोर केला की स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या खुंटीचे, आटे गेलेच समजा. म्हणून मी घरून आमचा एक नट खिशात घालून नेला होता. सुट्या नटांच्या डब्यातून चार जोडीदार निवडताना तो फार कामी आला.

५ जुलै, शनिवार

टायर. उद्या आषाढी, म्हणून आधी साबुदाणा आणि रताळी, मग टायरचं दुकान.

मागितलं ते माप, आयएसआय खूण, ८१ चा भार, सगळं होतं. गालावरच्या चार आकड्यांत फक्त २९२२ दिसलं. म्हणजे २०२२ चा २९ वा आठवडा, तीन वर्षं गोदामात. दुकानदार म्हणाले, "न वापरलेला आहे, नवाच की." चालत्या चाकाला घेतला असता तर मीही कदाचित मान्य केलं असतं, दोन-तीन वर्षांत झिजवून टाकला असता. स्टेपनीचं गणित उलटं. तिचं रबर झिजत नाही, नुसतं म्हातारं होतं. डिकीत ती आणखी पाच-सहा वर्षं पडून राहणार, म्हणून सुरुवातीलाच वय कमी हवं. दुसऱ्या दुकानात ११२५ मिळाला, याच वर्षीच्या मार्चमधला. ४,१०० रुपये. व्हॉल्व्ह नवा, बॅलन्सिंग करून घेतलं. स्टेपनीला बॅलन्सिंग कशाला, असं तिथला मुलगा म्हणत होता. पण पुढच्या चाकाला लागली तर स्टिअरिंग थरथरेल, आणि ती लागणार पावसातच.

घरी सामानाच्या काट्यावर टांगली. साडेतेरा किलो. सासूबाईंनी हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला बरं वाटलं.

१२ जुलै, शनिवार

आजची नोंद मोठी, कारण आजच सगळ्यात जास्त कळलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सपाट जागेवर लावली. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या दोन चाकांना पुढून-मागून विटा. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक. पहिली अडचण इथेच आली. गाडीबरोबरचा पाना अलॉयच्या खोल भोकात शिरेना. त्याच्या तोंडाची भिंत जाड आणि अलॉयची भोकं अरुंद. चौकीदार काकांनी पातळ भिंतीचं सॉकेट आणून दिलं, तेव्हा नट सुटले. त्या रात्री स्टेपनी खळग्यात असती, तरी मला चाक काढता आलं नसतं. हे कळल्यावर मी पाच मिनिटं नुसती पायरीवर बसून राहिले.

अलॉय उतरवलं. स्टेपनी उचलून स्टडवर चढवली, चारही नट हाताने लावले आणि चाक हलवून पाहिलं. खुळखुळ. नट आवळावे तर चाक तिरकं बसतंय, एका बाजूला हबला टेकतंय, दुसऱ्या बाजूला नखभर फट. रिम चुकीची मिळाली असं वाटून पोटात गोळा आला. नवऱ्याने चाक पुन्हा उतरवलं आणि टॉर्च हबवर धरला. मधल्या उंचवट्यावर काळ्या प्लास्टिकची एक कडी घट्ट बसलेली होती.

मग उलगडा झाला. बाहेरची अलॉय अनेक गाड्यांना चालावी म्हणून तिचं मधलं भोक मोठं ठेवतात, आमचं ७३.१. ते ५४.१ च्या हबवर नेमकं बसावं म्हणून मध्ये ही कडी. अलॉय काढताना कडी तिच्याबरोबर यायला हवी, पण गंजामुळे ती हबलाच चिकटून राहिली होती. लोखंडी रिमचं भोक ५४ चं, कडीचा बाहेरचा घेर ७३ चा. रिम आत जाणारच कशी? रस्त्यावर, अंधारात, मागून ट्रक जात असताना माणूस नट आवळतच गेला असता. थोड्या अंतरावर कडी चुरडली असती आणि चारही नट सैल पडले असते.

लेकीने चपट्या स्क्रू ड्रायव्हरने चारही बाजूंनी थोडं थोडं उचकलं, तेव्हा कडी न तुटता निघाली. स्टेपनी आता हबवर 'टक्' आवाज करून बसली.

नटांचंही पाहिलं. अलॉयचे नट टोकाला बंद असलेले, टोपीवाले. लोखंडी रिमचा पत्रा अलॉयपेक्षा पातळ, त्यामुळे टोपीच्या आत स्टडचं टोक टेकू शकतं. मग पाना लागतो घट्ट, पण रिम सैलच राहते. नाना पेठेतून आणलेले चार उघडे नट यासाठीच ठेवायचे.

१३ जुलै, रविवार

चारही चाकं एकेक करून काढली. तीन हबांवर कडी चिकटलेली. हब तारेच्या ब्रशने घासले, कडी बसते तिथे बोटाच्या टोकाएवढं ग्रीस, स्टडला अजिबात नाही. चारही कड्या आता अलॉयबरोबर सहज निघतात. पातळ भिंतीचं सॉकेट आणि लांब दांडा घेतला, ६५० रुपये. लेकीचं वजन ४१ किलो, आणि या दांड्यावर तिलाही नट सोडवता येतो.

नट आवळायची पद्धत पार्किंगच्या खांबावर खडूने काढून ठेवली आहे: वरचा, मग समोरचा खालचा, मग उजवा, मग डावा. दोन फेऱ्या हलक्या हाताने, चाक जमिनीला टेकल्यावर शेवटची.

२६ जुलै, शनिवार

स्टेपनी ठेवायची कुठे, याचं उत्तर आज मिळालं.

खळग्यात आडवी बसते, पण वर टाकीचा स्टँड. बाहेर काढायची तर आधी टाकी सोडवायची, आणि गॅसच्या टाकीला आपण हात लावायचा नाही. टपावर कॅरिअर लावून ठेवावी तर साडेतेरा किलो इतक्या उंचीवरून उतरवणार कोण? टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या फरशीखाली बसवल्या आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. मुळातून आखलेल्या गाडीला ते जमतं. आमच्यासाठी कंपनीच्या सीएनजी वॅगनआरमध्ये असते तशी उभी स्टेपनी हाच मार्ग.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. आमच्या पाटीवर जुलै २०२२, म्हणजे तारीख आलीच होती. टाकी तपासणीसाठी उतरली असतानाच फिटरदादांकडून काम करून घेतलं. खळग्याच्या मधोमध मूळ स्टेपनी आवळायचं आट्याचं भोक आहे, त्यात एक बोल्ट, आणि फरशीला दोन. खालून पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते पाहूनच दादांनी भोकं पाडली. त्यावर ५ मिलिमीटर जाडीचा कोनाचा ब्रॅकेट. तो बाहेरच वेल्ड करून, रंगवून आणला होता, गाडीत वेल्डिंगची ठिणगी नाही. टाकीच्या स्टँडलाही ब्रॅकेट बांधू दिला नाही. मागून धडक बसली तर चाकाचा हिसका टाकीला लागता कामा नये. टाकीच्या व्हॉल्व्हवरची पिशवी आणि गॅसची गळती बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या, यांपासून टायर चार बोटं लांब आहे. मोठ्या पंखाचा एक नट फिरवला की चाक मोकळं होतं. ब्रॅकेट आणि मजुरी १,४००. टेस्ट पास, नवी तारीख पाटीवर ठोकून मिळाली.

डिकी अर्धी गेली. नवरा थोडा हिरमुसला. मी समजूत घातली नाही, कारण जागा खरंच गेली आहे.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

भाऊ आला होता. राख्या, नारळीभात, आणि मग पार्किंगमध्ये परीक्षा. डिकी उघडल्यापासून काढलेलं चाक परत डिकीत जाईपर्यंत लेकीला एकटीला ३१ मिनिटं, मला २४, नवऱ्याला २२. भावाने जॅक खाचेऐवजी पत्र्याखाली लावला होता, लेकीनेच ओरडून थांबवलं. "मामा, इथे खाच बघ, दोन रेघांच्या मध्ये!"

अंधारातही एकदा करून पाहिलं. टॉर्च धरायला माणूस नसेल तर डोक्याला बांधायचा दिवा लागतो. तो घेतला. परावर्तक त्रिकोण होताच. स्टीलच्या डबीत उघडे चार नट, सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर आणि हातमोजे. डबी दांड्यासोबत ब्रॅकेटलाच बांधली आहे, कारण पुढच्या कप्प्यात ठेवलेल्या वस्तू घरातले हलवतात.

स्टेपनीत चालत्या चाकांपेक्षा ४ पीएसआय हवा जास्त भरली. महिन्याला थोडी जातेच. जास्तीची काढून टाकता येते, भरायला मात्र पंप शोधावा लागतो. व्हॉल्व्हचं तोंड डिकीच्या दाराकडे येईल असं चाक फिरवून लावलं, म्हणजे हवा तपासताना ते उतरवावं लागत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

उद्या पहाटे निघायचं. मखराच्या पट्ट्या आणि गौरीच्या साड्यांची पेटी मागच्या सीटच्या पायांशी. स्टेपनीसमोर फक्त हलक्या पिशव्या, दोन मिनिटांत उचलता येतील अशा. सासूबाईंनी स्वतः डिकी उघडून पाहिली. "आहे ना ग चाक?" म्हणाल्या, आणि हात लावून खात्री करून घेतली.

३० ऑगस्ट, शनिवार, गाव

जाताना काहीच झालं नाही. उंब्रज, पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण, सगळं सुखरूप.

आज सकाळी उद्याच्या गौरींसाठी तेरडा आणायला निघायचं होतं, तर मागचं उजवं चाक खाली बसलेलं. भावजी म्हणाले, "वहिनी, मी पंक्चरवाल्याला फोन लावतो, दुपारपर्यंत येईल." लेक तोवर डबी घेऊन बाहेर आली होती. अंगणात चिखल, जॅक रुतायला लागला. भावजींनी गोठ्यातली फळी आणून खाली घातली. हा धडा पार्किंगच्या फरशीवर मिळणं शक्य नव्हतं. आता एक फूटभर फळी कायम गाडीत.

अलॉय निघालं, कडी त्याच्यासोबत आली. उघडे नट, वरचा-खालचा, उजवा-डावा. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं निवडून होण्याआधी गाडी तयार होती. तेरडा मिळाला.

३ सप्टेंबर, बुधवार

अलॉयमधला खिळा चिपळूणला काढून घेतला, आतून ठिगळ लावलं, १५० रुपये. कडी आणि टोपीवाले नट लावून चाक परत जागेवर, स्टेपनी धुऊन ब्रॅकेटवर, हवा पुन्हा ४ ने जास्त.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पाटणजवळ चहाला थांबलो. लेक दांडा घेऊन उतरली आणि चारही नटांवर एकदा जोर देऊन पाहिला. एकही फिरला नाही. तिने वहीत किलोमीटरचा आकडा लिहिला आणि आम्ही निघालो.